उलट्या बरणीतली घटपर्णी

मी एक जुनी, वाळलेली घटपर्णी आहे. मित्रांनो, नाव ऐकून मागे सरकू नका. मी कीटक खाणाऱ्या घराण्यातली आहे हे खरे, पण माझ्या पोटात शेवटचा घास गेला त्याला आता अकरा वर्षे झाली. सध्या माझा मुक्काम एका उलट्या बरणीत आहे. बरणी उलटी आणि मी तिच्या आत सुलटी. हे असे का, ते सांगण्यासाठी आज मी तोंड उघडले आहे. तसे ते मिटत कधीच नव्हते.

मुळात मी एक पान. पण साधे पान होऊन वाऱ्यावर डुलत बसणे आमच्या घराण्यात कोणाला जमले नाही. आमच्या पानाचे टोक दोरीसारखे लांबते, त्या दोरीच्या शेवटी एक फुगा येतो आणि फुग्याचा होतो घट. वर झाकण, आत पाचक रस, काठावर गोडवा आणि गोडव्याखाली घसरण. माशी येते, काठ चाटते, तिचा पाय घसरतो आणि मग तिच्या घरच्यांना तिची खबर मिळत नाही. आईच्या अंगावर आम्ही असे नऊ घट होतो. एक मूळ आणि नऊ पोटे. जमिनीतून पुरेसे मिळत नसले की पोटाची सोय आपली आपण करावी लागते.

आम्ही एका महाविद्यालयाच्या काचघरात राहत होतो. ज्यांच्या घरी मी आता राहते ते काका तिथल्या वनस्पतींच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे परिचर होते. बाटल्या धुवायच्या, नमुने मांडायचे आणि प्रत्येक वस्तूला लेबल लावायचे, हे त्यांचे काम. लेबलावर नाव, तारीख आणि सूचना. शिवाय प्रयोगशाळेचा एक नियम त्यांच्या हाडीमासी खिळला होता: इथले काहीही चाखायचे नाही. एकतीस वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नाही.

निवृत्त माणसाने घरी बसून माश्या मारू नयेत, म्हणून काकांनी माश्या मारणाऱ्या झाडांचा उद्योग काढला. काचघरातला माळी जून झालेले घट छाटायचा. ते काका घरी आणत, वाळवत, रंग टिकवत आणि काचेच्या घुमटाखाली उभे करत. अशा विचित्र शोभेच्या वस्तू घेणारे लोक असतात, हे मला नंतर कळले. एका वकिलाने माझी एक बहीण नेऊन टेबलावर अशिलाकडे तोंड करून ठेवली. दाताच्या एका डॉक्टरांनी मला आधीच मागून ठेवले होते. त्यांच्या दवाखान्यात लोक ताटकळत बसतात तिथे मी आ वासून उभी राहणार होते. कामाच्या दृष्टीने जागा योग्यच होती.

आता काकूंची ओळख करून देते. काकू नाकावर माशी बसू देत नसत. त्या दृष्टीने त्यांचे आणि आमचे धोरण एकच होते, तरी आमचे जमले नाही. काकू घरी बिस्किटे करत. लोणी पिठाची खुसखुशीत बिस्किटे, आणि वरून गाळणीतून भुरभुरलेली पिठीसाखर. गल्लीत त्यांच्या बिस्किटांचे नाव होते. त्यांना स्वतःला मात्र मधुमेह होता, म्हणून डॉक्टरांनी साखर बंद केली होती. मग प्रत्येक घाण्यातले पहिले बिस्किट त्या काकांपुढे धरायच्या आणि विचारायच्या, "कसं झालंय?" काका खाऊन म्हणायचे, "ठीक." त्यांच्या भाषेत त्याच्या वरचा शेरा नव्हता.

आता कुठे माशी शिंकली ते सांगते, आणि ती माशी माझ्याच पोटातली होती, हेही कबूल करते.

मला घरी आणले तो रविवार होता. वाळवण्याआधी घट रिकामा करावा लागतो. काकांनी मला मोरीत न्यायचे ते स्वयंपाकघरातल्या सिंकवर नेले आणि उलटे केले. माझी आयुष्यभराची कमाई धडाधड बाहेर पडली: एकोणीस माश्यांचे पंख, मुंग्यांची डोकी आणि शर्टाचे एक बटण. बटण काकांच्याच खिशाचे निघाले. काचघरात वाकताना केव्हातरी पडले असावे. खाली काकूंनी धुऊन ठेवलेले कप होते.

"हे काय आहे?" काकूंनी विचारले.

काकांनी चष्मा वर करून पाहिले. "माशीचा पाय. मागचा असावा."

"माझ्या कपात?"

"धुतला की निघेल."

"आजपासून माझ्या स्वयंपाकघरात मेलेलं काही येणार नाही. सांगून ठेवते."

"मेलेलं नाही गं. जतन केलेलं."

"मग स्वतःलाही घ्या जतन करून आणि बसा बाहेर."

काका बोलायचे थांबले. काकू थांबल्या नाहीत. त्यांची नजर फळीवर गेली. तिथे सहा सारख्या काचेच्या बरण्या होत्या. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी काकांना दिलेला तो संच. पाच बरण्या काकूंनी घेतल्या, सहावीत काकांनी आपला टाकणखार ठेवला. वाळवायच्या कामी तो लागतो. घटात भरला की ओल शोषून घेतो आणि घट चेपत नाही. काका तो कापडातून वस्त्रगाळ करून घेत, त्यामुळे दिसायला थेट पिठीसाखर. पण प्रत्येक बरणीवर लेबल आहे, मग भीती कसली, असा काकांचा हिशेब. लेबले तरी किती? मिठाच्या बरणीवर 'मीठ, बारीक, उघडल्याची तारीख अमुक'. कुकरवर 'सावधान, वाफ'. काकूंनी ती लेबले बारा वर्षे सहन केली होती.

"एकतीस वर्षं प्रयोगशाळेत तुम्ही काढलीत, मी नाही," त्या म्हणाल्या. "माझं मीठ मला ओळखता येतं."

त्यांनी सगळ्या बरण्या टेबलावर उतरवल्या, ओल्या फडक्याने एकूण एक लेबल खरवडून काढले, फळी घासली आणि बरण्या पुन्हा वर मांडल्या. मीठ त्यांनी खरोखरच ओळखले. पिठीसाखर आणि टाकणखार यांची मात्र जागा बदलली. रागाच्या भरात हे त्यांच्या लक्षात आले नाही, आणि बाहेर तोंड फिरवून बसलेल्या काकांच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवसापासून घरात अबोला सुरू झाला. चहाचा कप जरा आपटून ठेवला की समजायचे, चहा झाला. काका खोकले की समजायचे, अजून हवा आहे. एरवी दोघेही मूग गिळून बसत.

सोमवारी काकांनी मला खोक्यात उभे केले, फळीवरची आपली बरणी काढली आणि कागदाच्या सुरळीतून माझ्या पोटात पांढरी पूड भरायला सुरुवात केली. मला पहिल्या चमच्यातच कळले. मित्रांनो, मी जन्मभर काठावर थेंबभर गोडवा ठेवून धंदा केला. गोडव्यातले मला कळणार नाही तर कोणाला? माझ्या घशापर्यंत पिठीसाखर भरली गेली. पण सांगणार कसे? ज्याचे तोंड कायम उघडे असते, त्याला बोलता येतेच असे नाही. वाळायचे सोडून मी पाकात पडल्यासारखी चिकट होत गेले आणि माझे झाकण एका बाजूला कलले.

गुरुवारी दुपारी काकूंनी चार डबे भरून बिस्किटे केली. त्यांची नात दुसरीत होती आणि शुक्रवारी तिच्या शाळेत खेळांचा दिवस होता. वर्गाच्या खाऊची जबाबदारी नातीने परस्पर घेऊन टाकली होती. "माझ्या आजीची बिस्किटं जगात एक नंबर आहेत," असे तिने पस्तीस मुलांना सांगितले होते. ती धरून छत्तीस. काकूंनी बिस्किटे ताटात मांडली, बरणी काढली आणि गाळणीतून पांढरी पूड मनसोक्त भुरभुरली. मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, टेबलावरच्या खोक्यातून पाहत होते. माझे काळीज असते तर ते तेव्हा धडधडले असते.

सवयीने काकूंनी एक बिस्किट उचलून काकांसमोर धरले. काकांनीही सवयीने हात पुढे केला. मग दोघांना आठवले की आपले भांडण आहे. काकूंनी बिस्किट डब्यात टाकले आणि काकांनी त्याच हाताने कान खाजवला. मित्रांनो, तेव्हा त्या दोघांपैकी एकाने जरी मोठेपणा दाखवला असता, तर मी आज दाताच्या दवाखान्यात असते.

शुक्रवारी सकाळी काकूंचा मुलगा आला. तो जवळच राहायचा. नात आणि चार डबे शाळेत सोडून तो पुढे कामावर गेला. नऊ वाजून गेल्यावर काकांनी माझे खोके उघडले.

खिडकीतून एक काळी रांग टेबलावर उतरत होती आणि थेट माझ्यात शिरत होती. माझ्या अंगाखांद्यावर सतराशे साठ मुंग्या होत्या. जिवंतपणी दिवसाला एक मुंगी मिळाली तरी मी धन्य व्हायचे, आणि आता त्या पंगतीला यावे तशा यायला लागल्या तेव्हा माझ्या पोटात रसाचा थेंब नव्हता. दैव देते आणि कर्म नेते म्हणतात, ते असे.

काकांनी मला हातात घेतले, पूड ताटलीत ओतली आणि बराच वेळ मुंग्यांकडे पाहत राहिले.

"टाकणखाराला मुंग्या लागत नाहीत," ते भिंतीला म्हणाले.

काकू शेगडीपाशी होत्या. त्या पातेल्याला म्हणाल्या, "पाच दिवसांनी तोंड उघडलं, तेही मुंग्यांसाठी."

"अगं, टाकणखाराने मुंग्या मरतात. लागत नाहीत."

या वेळी ते भिंतीशी बोलत नव्हते. काकूंनी वळून पाहिले. तेव्हा काकांनी एकतीस वर्षांत केली नव्हती अशी गोष्ट केली. बोट पुडीत बुडवले आणि जिभेला लावले. मित्रांनो, असे तुम्ही कधीही करू नका. काकांनीही ते जन्मात एकदाच केले.

"गोड आहे," ते म्हणाले. "ही पिठीसाखर आहे."

"पिठीसाखर तर माझ्या..." काकूंचे वाक्य अर्धेच राहिले. त्या फळीकडे पाहत होत्या. त्यांची बरणी अर्ध्याहून जास्त रिकामी झाली होती. "मग मी बिस्किटांवर काय घातलं?"

काकांनी ती बरणी खाली काढली. "टाकणखार," ते म्हणाले.

"अहो, पोटात गेलं तर काय होतं?"

"पोटात जायची वस्तूच नाही ती. लहान मुलांच्या तर मुळीच नाही."

काकूंच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी शाळेत फोन लावला. घंटी वाजत राहिली, कारण सगळे मैदानावर होते. मुलाला लावला, तो कामात होता. खाऊ दहा वाजता वाटणार होते आणि घड्याळात साडेनऊ झाले होते. काकांनी स्कूटरची किल्ली घेतली. मी त्यांच्या दुसऱ्या हातात होते. प्रयोगशाळेच्या सवयीने हातातली वस्तू त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली. ती वस्तू मी होते, आणि माझ्यासोबत निम्म्या मुंग्याही निघाल्या.

तो प्रवास मी कधी विसरणार नाही. खिशाचे बटण नसल्यामुळे मला समोरचे सगळे दिसत होते. काकूंच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात काकांची. मुंग्या माझा कंटाळा येऊन काकांच्या अंगावर पांगल्या आणि काका स्कूटरवर वळवळू लागले. चौकात लाल दिवा लागला.

"चला ना," काकू म्हणाल्या.

"लाल आहे."

"अहो, मुलं खातील."

"लाल आहे गं. पडलो तर कोण पोचणार?"

यावर काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी काकांच्या पाठीला डोके टेकले आणि म्हणाल्या, "एक जरी पोर आजारी पडलं ना, तर मी परत पिठात हात घालणार नाही. आणि पोरीला तोंड कसं दाखवू? तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय."

काका म्हणाले, "चूक माझी आहे. तो टाकणखार स्वयंपाकघरात आणायलाच नको होता."

"लेबल मी काढलं."

"काढलंस. पण तो आणला मी."

दिवा हिरवा झाला. पाच दिवसांचे भांडण तिथे चौकातच राहिले.

शाळेच्या मैदानावर दुसरीचा वर्ग रांगेत उभा होता आणि प्रत्येकाच्या हातात एक बिस्किट होते. माझ्या पोटात खड्डा पडला असता, पण मी आधीच पोकळ होते. मुले अजून खात नव्हती. खेळाच्या बाईंचा नियम होता की संपूर्ण रांग गप्प उभी राहिल्याशिवाय कोणी तोंडाला लावायचे नाही. आणि हा वर्ग शाळेतला सर्वांत दंगेखोर वर्ग होता. एक गप्प झाला की दुसरा हसायचा, दुसऱ्याला दटावले की तिसऱ्याला उचकी लागायची. बाई पाच मिनिटे बोटे मोजत उभ्या होत्या. दंगा करणे वाईट, हे मी तुम्हाला सांगायला हवे. पण त्या दिवशीपुरते मी ते सांगणार नाही.

शेवटी रांग गप्प झाली. बाईंनी शिट्टी ओठांशी नेली.

"खाऊ नका," काकू मैदानाच्या टोकावरून ओरडल्या आणि दोन वेगळ्या चपलांनी धावत सुटल्या. "माझी बिस्किटं कोणी खाऊ नका!"

आयुष्यभर 'अजून एक तरी घ्या' म्हणणारी ती बाई. कडेला बसलेल्या पालकांना वाटले, आजीआजोबांची शर्यत सुरू झाली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून काका अंग झटकत धावत होते, त्यांना दुसरा क्रमांक मिळाला. काकूंनी रांगेतल्या एकेकाच्या हातातून बिस्किट काढून पदरात घ्यायला सुरुवात केली. मोजून छत्तीस झाली तेव्हा कुठे त्या थांबल्या.

मुख्याध्यापिका आल्या. काकांनी सगळे खरे सांगितले आणि पुरावा म्हणून मला खिशातून काढून त्यांच्या वहीवर ठेवले. उरलेल्या मुंग्या हजेरीच्या पानावर उतरल्या. मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसला.

"म्हणजे हे कळलं कोणामुळे?" त्यांनी विचारले.

"हिच्यामुळे," काका म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

एवढ्यात शिपाईमामा हळूच पुढे आले. डबे खोलीत ठेवताना त्यांनी दोन बिस्किटे चाखली होती.

"मग बोलला का नाहीत?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"साबणासारखी लागली. पण म्हटलं, फुकटच्या वस्तूला नावं कशाला ठेवा."

त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेले. दिवसभर पोट बिघडले, संध्याकाळी ठीक झाले आणि पुढे कित्येक दिवस त्यांनी कोणाच्या डब्याला हात लावला नाही.

नात मात्र रांगेत तशीच उभी होती. डोळ्यांत पाणी आणि ओठ घट्ट मिटलेले. काकू तिच्यापाशी गेल्या. "चुकलं माझं," त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. "मी चाखून न बघता तुम्हाला खायला दिलं. सोमवारी पुन्हा आणेन. आवडली नाहीत तर तोंडावर सांगा." सोमवारची बिस्किटे काकांनी चाखली, मुलाने चाखली, शेजारणीने चाखली, आणि वर्गात पोचेपर्यंत एक डबा रिकामा झाला होता. तरी मुलांनी ती पुन्हा मागितली, आणि नात पूर्ववत फुशारक्या मारू लागली.

माझे काय झाले? काकांनी मला धुतले, खऱ्या टाकणखारात ठेवले, तीन आठवडे वाळवले. पण साखर माझ्या अंगात मुरली ती मुरलीच. झाकण वाकडे राहिले आणि रंग ठिकठिकाणी डागाळला. दाताच्या डॉक्टरांनी मला पाहून दुसरी नेली. काका मला टाकून द्यायला निघाले. तेव्हा ज्यांनी मला स्वयंपाकघरातून घालवायचे म्हटले होते, त्याच काकू म्हणाल्या, "राहू दे तिला."

"घुमट शिल्लक नाही," काका म्हणाले.

काकूंनी फळीवरून टाकणखाराची ती बरणी काढली. त्या दिवसापासून टाकणखार अंगणातल्या खोलीत कुलपात गेला होता आणि बरणी घासूनपुसून रिकामी पडली होती. खाण्याचे काही तिच्यात ठेवायला काकूंचा हात धजत नव्हता. त्यांनी मला लाकडाच्या चकतीवर उभे केले आणि बरणी माझ्यावर उलटी घातली. अगदी मापात बसली.

उरलेल्या पाच बरण्यांवर लेबले परत आली. ती काकूंनीच काकांकडून लिहून घेतली.

दिवस गेले. घरात नव्या वस्तू आल्या आणि मी मागच्या फळीवर सरकले. बरणीवर धूळ बसते, महिनोन्महिने माझ्याकडे कोणी पाहत नाही. उन्हाळ्यात मात्र मुंग्या न चुकता येतात, बरणीभोवती फेऱ्या मारतात आणि हात हलवत परत जातात. जित्याची खोड म्हणतात ती माझ्या बाबतीत मेल्यावरही गेली नाही. काकू त्यांच्यासाठी खिडकीत चिमूटभर साखर ठेवतात. श्रेय मुंग्यांना जास्त मिळाले, असे मला अधूनमधून वाटते, पण मी बोलून दाखवत नाही.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तूवरची धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसा, ओल्याने नको. खाण्याची आणि न खाण्याची वस्तू एका फळीवर ठेवू नका. आणि घरात कितीही भांडा, पण पुढे केलेले बिस्किट मागे घेऊ नका.

मध्यंतरी एक गृहस्थ घरी आले होते. त्यांना वाकडी घटपर्णीच हवी होती, आणि ते चांगली किंमत द्यायला तयार होते. काका विचारात पडले. माझ्या चकतीवर काकांच्या अक्षरात लेबल आहे: 'घटपर्णी. कीटकभक्षी. वाळवलेली. दोष: झाकण वाकडे.' काकू आतून आल्या, पेन मागून घेतले आणि ज्या बाईला लेबलांचा तिटकारा होता तिने जन्मातले पहिले लेबल लिहून त्याच्याखाली चिकटवले. त्यावर तारीख नाही, सूचनेची खूण नाही, आणि अक्षरही जरा तिरके आहे. काकांनी चष्मा वर करून ते वाचले आणि म्हणाले, "ठीक."

त्यावर लिहिले आहे, 'विकायची नाही. घरची आहे.'